मध्यपेठेतील शांतता

१

ऊन कलले, की मी इस्त्रीची साडी नेसते, छत्री घेते आणि मध्यपेठेपर्यंत चालत जाऊन परत येते. पाऊस नसला, तरी छत्री घेते. साळवडमधील कुत्र्यांना ऋतूंचे भान नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हा दिनक्रम मी एकदाही मोडलेला नाही. ज्या माणसाला दिनक्रम असतो, त्याच्या निरीक्षणावर विश्वास ठेवण्यास हरकत नसावी, म्हणून हे प्रारंभीच सांगून ठेवते.

विट्याकडून म्हसवडला जाताना आमचे गाव लागते. एके काळी एस.टी. थांबण्यापूर्वीच गाव आल्याचे कळत असे. खिडक्यांच्या काचा थरथरू लागत. यंत्रमागांना आमच्याकडे ‘साचे’ म्हणतात. मध्यपेठेतील दातेरी पत्र्यांच्या शेडमध्ये ते दिवसरात्र चालत. मी त्याच पेठेत, अशाच एका शेडला भिंत लागून असलेल्या खोलीत जन्मले. वडील साचे चालवीत, आई सुताच्या कांड्या भरी. पुढे साचे एकेक करून बंद पडले आणि भंगारात गेले. शेडमध्ये वेड्या बाभळी उगवल्या. बरीच वर्षे तेथून जाताना आम्ही नाकाला पदर लावीत असू.

आता तसे नाही. नगरपरिषदेने गावाचा हा मध्यभाग पुन्हा नांदता करण्याचे ठरविले आणि ठरविल्याप्रमाणे केलेही, ही गोष्ट आमच्याकडे विरळाच. पडक्या भिंती काढून सर्वांत मोठ्या शेडचे छत तेवढे राखले. त्याखालच्या चौकात घोटीव फरशी, सूत वाहून नेणाऱ्या धोट्याच्या आकाराची बाके आणि एक कारंजे आले. पलीकडच्या टोकाला, चौथऱ्यावर, हिरवा रंग दिलेला एकच साचा ठेवला. त्याचा पट्टा आणि मोटार काढून घेतलेली आहे. या कामाची वास्तुविशारद माझी भाची पल्लवी. माहितीफलकांचा मजकूर मी तपासून दिला. ‘आय लव्ह साळवड’ या इंग्रजी अक्षरांना मी लेखी विरोध नोंदविला होता. तो मानला गेला नाही. बाकी सर्व उत्तम झाले. उद्घाटनापूर्वीच लोक तेथे येऊन बसू लागले.

एकच गोष्ट मला खटकली. लोक तेथे ओरडून बोलत.

ते भांडत नसत. दोन वृद्ध गृहस्थ एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसलेले असत, आणि त्यांपैकी एक दुसऱ्याला आपल्या मुलीच्या बाळंतपणाची हकिकत अशी सांगे, जणू दुसरा नदीच्या पैलतीरावर उभा आहे. ते उठून छताखालून बाहेर पडले, की पहिल्याच पावलाला त्यांचा आवाज उतरे. आपल्या बोलण्यात काही बदल झाला, हे दोघांच्याही लक्षात येत नसे.

मी यास मोबाइल फोनमुळे आलेला असभ्यपणा समजले आणि ‘कृपया हळू बोलावे’ असा फलक नगरपरिषदेला सुचविला.

२

छताच्या कडेला इलियासला चहाचा गाळा मिळाला आहे. पूर्वी तो साचे दुरुस्त करीत असे. जॉबर म्हणून पेठेत त्याचा दरारा होता. त्याच्या बाकावर बहुधा सुलाबाई बसलेली असते. ती माझ्याच वयाची. माझ्या आईच्या हाताखाली कांड्या भरायला शिकली आणि त्या कामात तिचे दोन्ही कान बरेचसे गेले.

“बाई, च्या घ्या की! बिनसाखरंचा केलाय तुमच्यासाठनं!” इलियास म्हणाला.

“मी तुझ्यासमोरच उभी आहे. एवढ्याने ओरडण्याचे कारण नाही.”

“मी कुटं वरडलो?” त्याने डोळे मोठे केले. “आवं, तुमीच वरडताय की!”

सुलाबाई खदाखदा हसली. “इंदे, आक्ख्या पेठंला कळलं तू आलीस त्ये. शाळा सुटली, पर बाईंचा घसा काय सुटला न्हाई!”

मला राग आला. नंतर लक्षात आले, की माझ्या घशाला खरोखरच ताण पडला होता. आणि त्याहून विचित्र म्हणजे बहिऱ्या सुलाबाईला माझे बोलणे न ओरडताही कळले असते, कारण ती कानांनी ऐकतच नाही, ओठ वाचते.

इलियासने दगडी कट्ट्यावर चहाचा पेला ठेवण्यापूर्वी त्याखाली ओले फडके घातले.

“फडके कशासाठी?”

“सवय हाय. न्हाईतर प्याला सरकतुया.”

“साचे तर गेले. आता कशाने सरकेल?”

तो फडक्याकडे बघत राहिला. “व्हय की,” तो म्हणाला. “आन् मी रोजच घालतोय.” त्याने फडके काढून खांद्यावर टाकले.

आम्ही तिघेही त्या पेल्याकडे पाहू लागलो. चहावर बारीक वर्तुळे उठत होती, एकात एक, काठापासून मध्यापर्यंत. मग पेला अगदी सावकाश, एखादे लहान मूल लक्ष नसल्याचे पाहून सरकावे तसा, कट्ट्याच्या कडेकडे निघाला. इलियासने तो पकडला आणि फडके पुन्हा खाली घातले.

“कट्टा उताराचा हाय,” तो म्हणाला.

“न्हाईतर गटारीचं काम चाललंय तकडं,” सुलाबाई म्हणाली.

दोन्ही कारणे पटण्याजोगी होती. मी चहा घेतला आणि घरी निघाले. गटाराचे काम उन्हाळ्यातच पूर्ण झाले होते, हे मला अर्ध्या वाटेत आठवले.

३

पल्लवी ही माझ्या भावाची एकुलती मुलगी. ती पहिलीत असताना तिचे आईवडील घाटात झालेल्या अपघातात गेले, आणि त्यानंतर कित्येक महिने ती एक शब्दही बोलली नाही. डॉक्टर झाले, सिद्धनाथाला नवस झाले. नवस सुलाबाईने केले. मी पाढे सुरू केले. रोज दिवेलागणीला तिला समोर बसवून मी पाढे म्हणत असे. एका संध्याकाळी, एकोणीसचा पाढा चालू असताना, ती माझ्याबरोबर म्हणू लागली. ‘एकोणीस साते’ येथे ती अडली आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली. मी ‘एकशे तेहतीस’ म्हटले, तेव्हा ती पुढे गेली. त्यानंतर वर्षानुवर्षे ती त्याच ठिकाणी थांबत आली. येत नव्हते म्हणून नव्हे. मी सांगावे म्हणून. त्याच आवाजाने पुढे वक्तृत्वाच्या ढाली घरी आणल्या. तो आवाज मी घडविला आहे, असे मी म्हणते, त्यात अतिशयोक्ती नाही.

त्या दिवशी ती घरात शिरली, ती ओरडतच.

“आत्या! कारंजं सुरू झालं!”

“मी स्वयंपाकघरात आहे, कवठेमहांकाळला नाही.”

ती हसली, जीभ चावली आणि नेहमीच्या आवाजात बोलू लागली. मी तिला चौकातील ओरडण्याविषयी विचारले.

“छत दातेरी आहे ना, आत्या. आवाज वर जाऊन तिथंच विरतो. माणसाला स्वतःचं बोलणं नीट ऐकू येत नाही, म्हणून तो नकळत चढ्या आवाजात बोलतो. शास्त्र आहे त्यामागं.”

“आणि इलियासच्या कट्ट्यावरचा पेला?”

“कट्टा तिरका बसलाय. ठेकेदाराला सांगितलंय मी.” मग ती उत्साहाने म्हणाली, “तुम्ही तपासलेला मजकूर माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित केलाय. उद्घाटनापासून ध्वनिक्षेपकावर लागेल. एकही ऱ्हस्वदीर्घ चुकलं नाही, ऐका तुम्ही.”

दिव्याच्या उजेडात तिच्या भुवयांवर आणि कपाळाजवळच्या केसांवर काही पांढरे दिसले. मी जवळ जाऊन पाहिले. माझी आई कामाची पाळी संपवून घरी येई, तेव्हा तिच्या भुवया अशाच असत.

“कबुतरं बसतात वर,” ती म्हणाली. “पिसं असतील.”

मी त्यातले थोडे चिमटीत घेतले आणि सवयीने बोटांत पीळ दिला. त्याचा धागा झाला. पिसाचा धागा होत नाही. पण मध्यपेठेत इतकी वर्षे कापूस उडाला आहे, की एखाद्या पत्र्याच्या खाचेत तो अजून असणे अशक्य नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

४

दुसऱ्या आठवड्यात एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेची सहल चौक पाहायला आली. माहिती सांगण्याची विनंती मला करण्यात आली आणि मी ती मान्य केली. मुले एवढी शांतपणे उभी राहिली, की मला कौतुक वाटले.

माझे बोलणे झाल्यावर मुले पांगली. कारंज्यापाशी दोन मुली होत्या. त्यांतील एकीने पुढे होऊन दुसरीच्या डाव्या खांद्याला हात लावला. दुसरी वळली. पहिलीने तोंड उघडून ओठ हलविले. अक्षर अन् अक्षर दाखवीत, आवाज मुळीच न काढता.

मी ते वाचले. ‘पाणी कुटं हाय?’

‘भाईर,’ दुसरीचे ओठ म्हणाले.

येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. साच्यांच्या आवाजात हाक पोहोचत नाही. त्यामुळे आमच्या पेठेतील माणसे डाव्या खांद्याला स्पर्श करीत, समोर येत आणि केवळ ओठांनी बोलत. आई मला लहानपणी रागे भरे, ती बहुतेक याच रीतीने. ही रीत मी पल्लवीला कधी शिकविली नाही. स्पष्ट उच्चार करता येणाऱ्या मुलीला तिची गरज नव्हती. साचे गेल्यावर ही रीत गावातूनही गेली. सुलाबाईसारख्या चारदोन जणींच्या तोंडी तेवढी उरली आहे. त्या दोन मुलींच्या जन्मापूर्वीच शेवटचा साचा भंगारात निघाला होता.

पेठेतील आणखी एक नियम मला त्या क्षणी आठवला. साचे चालू असताना पाठीमागून कोणी आपल्याला हाक मारलेली ऐकू आली, तर वळायचे नाही. ‘एवढ्या गलबल्यात माणसाची हाक ऐकू येतच न्हाई,’ एवढेच आई म्हणे, आणि त्यापुढे विचारले, तर कांडी उचलून कामाला लागे. चटकन वळताना पदर पट्ट्यात सापडू नये, यासाठी हा नियम असावा, असे मी मोठेपणी ठरविले. आजही मला तेच कारण योग्य वाटते.

मी मुलांच्या शिक्षिकेला गाठून विचारले, की ही मुले असे बोलायला कोठे शिकली.

“शिस्त आहे ना, बाई?” ती माझ्या चेहऱ्यापाशी येऊन ओरडली. “अजिबात गोंगाट नाही!”

मी भोवती पाहिले. छताखाली वर्गभर मुले होती, सर्वांची तोंडे हलत होती, आणि गोंगाट अजिबात नव्हता.

५

शंका आली, की आधी स्वतःला तपासावे. मी सांगलीला जाऊन कान तपासून घेतले.

तेथे एका लहान खोलीत बसवितात. भिंतींना आतून जाड गाद्या लावलेल्या असतात. दार लावून घेतल्यावर मी खुर्चीवर बसले आणि दचकले, कारण तेथे काहीही नव्हते. आवाज नव्हता, एवढेच नव्हे. आवाजाच्या जागी काही नव्हते. पोकळ, कोरी, हलकी अशी ती शांतता होती. अशी शांतता मी कितीतरी दिवसांत अनुभवली नव्हती.

“तुमच्या वयाला इतके चांगले कान मी पाहिले नाहीत, आजी,” तेथील मुलगी म्हणाली. ‘आजी’ या शब्दाकडे मी दुर्लक्ष केले.

परतीच्या एस.टी.त मी विचार करीत बसले. मध्यपेठेतही शांतता होती, पण ती अशी नव्हती. ती दाटलेली होती. ओंजळीत घेतली असती, तर जड लागली असती. लहानपणीची एक गोष्ट मला आठवली. पेठेत नवी सून आली, की पहिले काही दिवस ती कानांवर हात ठेवून रडे. मग एका सकाळी ती विचारी, ‘आज साचे बंद आहेत का?’ तेव्हा बायका हसत आणि म्हणत, ‘आता तू आमची झालीस.’ साचे चालूच असत. कानांनी त्यांना ऐकणे सोडून दिलेले असे.

मग आपला चौक शांत आहे, तो आवाज थांबला म्हणून, की आपले कान थांबले म्हणून?

हा प्रश्न चुकीच्या रीतीने मांडलेला आहे, हे मला तेव्हाही कळत होते. जो साचाच नाही, त्याला आवाज कोठून येणार? पण प्रश्न चुकीचा आहे, हे ठाऊक असले, म्हणजे तो सुटतो असे नाही. विटा येईपर्यंत मी तो तीनचार तऱ्हांनी मांडून पाहिला, आणि प्रत्येक वेळी माझ्यासमोर पल्लवी उभी राहिली. आम्ही सर्व तेथे घटकाभर जात होतो. ती दिवसभर तेथे असे.

६

घरी आले, तेव्हा ती जेवत होती. मी काही विचारले. तिने उत्तर दिले आणि मला ते ऐकू आले नाही.

“मोठ्याने बोल.”

“बोलतेय की,” ती म्हणाली. तिचा आवाज घासलेला, धुरासारखा येत होता. “धुळीनं घसा बसलाय, आत्या.”

“तू ते काम आता दुसऱ्या कोणावर तरी सोपव. पुण्याच्या त्या संस्थेने तुला नोकरीसाठी बोलावले आहे, तिकडे उद्याच्या उद्या जा.”

“शनिवारी उद्घाटन आहे. तोवर कशी सोडू? आणि तुम्हीच शिकवलंय ना, हातातलं काम अर्धं टाकायचं नाही म्हणून.”

“हा नियम मी तुझ्यापुरता मागे घेते.”

ती हसली, हसण्याचाही आवाज आला नाही. “आत्या, तुम्ही नियम मागं घेताय? ताप आलाय का तुम्हाला?” मग माझा चेहरा पाहून तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. “बरं. रविवारी सकाळच्या गाडीनं जाते. शब्द देते.”

शब्द देताना ती माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती. माझ्या ओठांकडे बघत होती.

त्यानंतर रोज तिचा आवाज थोडा कमी होत गेला. मी गुळण्यांचे पाणी तापवी, ज्येष्ठमध देई. अंधारात पडल्यापडल्या मी एकच गोष्ट मनाशी म्हणत असे, की रविवार येईपर्यंत तो पुरला पाहिजे. ज्या मुलीला मी एकदा मौनातून बाहेर आणले होते, तिला मी पुन्हा तेथे जाऊ देणार नव्हते.

७

शुक्रवारी ती जेवायला आली नाही. मी डबा घेऊन निघाले.

भर दुपार होती. इलियास नमाजाला गेला होता, गाळा बंद होता. कामगार जेवायला गेले होते. ध्वनिक्षेपकांची खोकी प्रवेशापाशी रचलेली होती. त्यांतील काही उघडलेली होती, काही नव्हती. मी छताखाली पाऊल टाकले. कारंजे चालू होते. पाणी वर जात होते, खाली पडत होते, आणि त्याचा आवाज येत नव्हता.

पल्लवी पलीकडच्या टोकाला, साच्याच्या चौथऱ्यापाशी उभी होती. तिने पिवळा कुर्ता घातला होता.

“पल्लवी!” मी हाक मारली. हाक माझ्या घशात थरथरली, हे मला जाणवले. कानांवर काही आले नाही. मी छत्री फरशीवर आपटून पाहिली. मनगटाला हिसका बसला. आवाज झाला नाही.

तेवढ्यात पाठीमागून हाक आली.

“आत्या!”

स्वच्छ, गोल, भरदार. प्रत्येक अक्षर ज्याच्या त्याच्या जागी. ढाली जिंकून आणणारा, कित्येक दिवसांत घरात न उमटलेला तो आवाज माझ्या पाठीशी, दहाबारा पावलांवर होता.

बोलणाऱ्याकडे तोंड करून ऐकावे, हा नियम मी आयुष्यभर शिकविला. माझी मान वळू लागली होती, हे मी मान्य करते.

समोरून पल्लवीने हात वर केला. तिचे ओठ हलले. अक्षर अन् अक्षर दाखवीत, खालचा ओठ जरा दाबून, कांड्या भरणाऱ्या बायका बोलत तसे.

‘वळू नगा.’

“आत्या, मी इथं आहे,” पाठीमागचा आवाज म्हणाला. “बघा की मागं.”

मी विचार करण्याचा प्रयत्न केला. ध्वनिक्षेपकाची चाचणी चालू असेल. तो आवाज ध्वनिमुद्रित आहे, तिने स्वतःच सांगितले होते. पण फलकांच्या मजकुरात ‘आत्या’ हा शब्द नाही. तो मजकूर मी तपासला आहे. आणि समोर जी रीत मला दिसत होती, ती मी पल्लवीला शिकविलेली नाही. सुलाबाईने शिकविली असेल. कधी? या दोन वाक्यांमध्ये मी किती वेळ अडकून पडले, ते मला सांगता येणार नाही.

समोरची पल्लवी माझ्याकडे चालत आली. तिने माझ्या डाव्या खांद्याला स्पर्श केला, मग माझा हात धरला. हात उबदार होता. तळव्यात बारीक थरथर होती. पण भीतीनेही हात थरथरतो. तिने मला पलीकडच्या बाजूने, साच्याच्या कडेने, बाहेर न्यायला सुरुवात केली आणि मी गेले.

“आत्या,” पाठीमागून आवाज आला. त्यात आता घाई होती. “आत्या, तुम्ही कोणाला घेऊन चाललात?”

मी वळले नाही. पण माझ्या दुसऱ्या हातात डबा होता, आणि स्टीलचा डबा घासून लख्ख ठेवण्याची मला सवय आहे. चालताना तो हेलकावला. त्याच्या पोटावर क्षणभर ते छत, फरशी आणि फरशीवर उभे असलेले पिवळे काही तरी दिसले. ते माझ्याकडे तोंड करून होते. त्याच्यामागे ओळींनी पुष्कळ माणसे उभी होती. ती सर्व पाठमोरी होती आणि खाली बघून हाताने काही तरी करीत होती.

डब्याचे पोट वाकडे असते. त्यात दिसलेल्या प्रतिमेवर विसंबू नये, हे मी जाणते.

आम्ही छताबाहेर पाऊल टाकले. कारंजे, कावळे, कोठे तरी उलट जाणारा ट्रॅक्टर, सगळे एकदम कानांवर कोसळले. आणि तो आवाज शब्दाच्या मध्येच तुटला.

८

उद्घाटन थाटात झाले. ध्वनिक्षेपकावर पल्लवीच्या आवाजात मजकूर लागला. एकही ऱ्हस्वदीर्घ चुकलेले नव्हते. लोकांनी टाळ्या वाजविल्या, निदान हात तरी हलविले. पल्लवी माझ्या शेजारी बसली होती. स्वतःचा आवाज ऐकताना माणूस लाजतो, अवघडतो. ती तसे काही न करता माझ्या तोंडाकडे बघत होती.

ती पुण्याला गेली नाही. ‘घसा बरा झाला की जाईन,’ असे तिने फोनवर लिहून दाखविले. स्वरयंत्र उत्तम असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. ती जेवते, हसते, घरकामात मदत करते, सर्व काही तिला आठवते. सुलाबाई तर खूश आहे.

“लय गुणाची पोरगी झाली तुजी, इंदे,” ती म्हणाली. “आमच्यावानी बोलती.”

“तू शिकविलेस का तिला?”

“मी कशाला शिकवू? मला वाटलं, तूच शिकवलंस.”

मी इलियासला विचारले, की शुक्रवारी दुपारी ध्वनिक्षेपक लावून पाहिले होते का.

“आसतील की, बाई. पेठंत लाइट व्हती.”

“कुटली लाइट?” सुलाबाईने त्याचे ओठ वाचून सांगितले. “पंख्याबिगर जीव घालवला मी दुपारभर.”

दोघेही आपापल्या म्हणण्यावर ठाम आहेत.

एके दिवशी मी पल्लवीपुढे पाटी ठेवली आणि एकोणीसचा पाढा लिहायला सांगितला. तिने तो एका दमात, कोठेही न थांबता, अचूक लिहून दिला. वास्तुविशारद असलेल्या मुलीला पाढा येणारच. यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा समजावून सांगितले आहे.

आमच्या ओसरीवरून मध्यपेठेचे दातेरी छत दिसते. दिवेलागणीला मी त्याच्याकडे पाठ करून बसते, कारण त्या वेळी तेथून आवाज येतो. तो पाढा म्हणत असतो. एकोणीस एकेपासून तो सावकाश वर चढत येतो, आणि ‘एकोणीस साते’ म्हणून थांबतो. वाट पाहतो. उत्तर माझ्या जिभेवर असते. वर्गात अडलेल्या मुलाला मी असे कधीही ताटकळत ठेवलेले नाही. पण पल्लवी माझ्यासमोर बसलेली असते आणि तिचे डोळे माझ्या ओठांवरून हलत नाहीत. म्हणून मी ओठ मिटून घेते. तिच्यापुढच्या पाण्याच्या पेल्यात बारीक वर्तुळे उठत असतात. त्याखाली मी आता ओले फडके घालते.

काल तो ‘एकोणीस साते’ येथे नेहमीपेक्षा बराच वेळ थांबला. मग, पहिलीतल्या मुलीने रडावे तसा, रडू लागला.

मी उठले. मला वळायचे होते, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ‘एकशे’ एवढे माझ्या तोंडून बाहेर पडलेही असावे. पल्लवी उठली, माझ्या पाठीमागून आली, तिने माझ्या डाव्या खांद्याला हात लावला आणि समोर येऊन, अक्षर अन् अक्षर दाखवीत, ओठांनी म्हणाली:

‘साचे चालू हायती.’

मी कान देऊन ऐकले. घर अगदी शांत होते.